साडेआठ ते पाऊण : सीएसटीच्या रात्रीचा घटनाक्रम

परभणीच्या माणसाची मुंबई छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, म्हणजे पूर्वीच्या सीएसटीपासून सुरू होते. मंत्रालयात अडकलेली फाइल असो, जे. जे. रुग्णालयातला पेशंट असो की नोकरीची मुलाखत, मराठवाड्याची देवगिरी एक्स्प्रेस त्याला याच स्थानकावर आणून सोडते. काम उरकले की परतीची गाडी लागेपर्यंत तो मेन लाइनच्या हॉलमध्ये चादर अंथरतो, पिशवी उशाशी घेतो आणि लेकराला पदराखाली झाकून बसलेल्या बायकोला चहा आणून देतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळ्या चालल्या त्या याच फरशीवर. त्यामुळे ती रात्र आपल्याला कधी परक्या शहराची वाटली नाही.

शिवाय परभणीला हे भय नवे नव्हते. २१ नोव्हेंबर २००३ हा रमजानमधला शेवटचा शुक्रवार होता. त्या दिवशी शहरातल्या मोहम्मदिया मशिदीत दुपारच्या नमाजासाठी जमलेल्या लोकांवर बाँब टाकण्यात आले. पुढच्या वर्षी, २७ ऑगस्ट २००४ ला, जालन्यात आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पूर्ण्यात पुन्हा प्रार्थनास्थळांवर स्फोट झाले. निःशस्त्र माणसे एका ठिकाणी जमली आहेत, एवढ्याच हिशेबावर कुणी तरी घाव घालतो, हे आपण जवळून पाहिले होते.

त्या रात्री मुंबईत ताज, ट्रायडंट-ओबेरॉय, लिओपोल्ड, नरिमन हाउस अशा अनेक जागी एकाच वेळी मृत्यू थैमान घालत होता. इथे हल्लेखोरांच्या एकाच जोडीचा माग काढला आहे. रात्री साडेआठला किनाऱ्यावर पाय ठेवण्यापासून पाऊण वाजता गिरगाव चौपाटीवर अडवले जाईपर्यंतचे हे सव्वाचार तास. या अवधीत बंदूक आणि माणसे यांच्यामध्ये कोण कोण उभे राहिले आणि त्यांच्या हातात काय होते, हे ओळीने पाहिले पाहिजे.

आधीचे चार दिवस

२२ नोव्हेंबरच्या पहाटे लष्कर-ए-तैयबाचे दहा जण कराचीहून समुद्रात निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी बोट पकडली. तिच्यावरचे चार खलाशी मारले आणि मुंबईपर्यंत वाट दाखवण्यासाठी तांडेल अमरसिंह सोळंकी यांना जिवंत ठेवले. किनारा दिसू लागल्यावर त्यांचाही गळा चिरला. या हल्ल्यातले पहिले बळी ठरलेले हे पाचही जण पोटासाठी समुद्रात गेलेले कष्टकरी होते. दहा जण रबरी होडीत उतरले, पण बोट बुडवायची त्यांची योजना फसली. घाईत त्यांचा सॅटेलाइट फोन आणि दिशादर्शक जीपीएस यंत्र बोटीवरच राहिले. पुढे तपासाला धागा मिळाला तो तिथून.

हल्लेखोर समुद्रमार्गे येऊ शकतात, ताजसारखी हॉटेले लक्ष्य होऊ शकतात, अशा सूचना गुप्तचर यंत्रणांनी आधीच दिल्या होत्या. त्या कागदांवर होत्या. किनाऱ्यावरच्या शिपायापर्यंत त्यातले काय पोहोचले, याचे उत्तर पुढच्या काही तासांत मिळाले.

रात्री ८.३०च्या सुमारास : बधवार पार्क

कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत होडी लागली. त्या संध्याकाळी कटकला भारत आणि इंग्लंड यांच्यातला एकदिवसीय सामना सुरू होता, त्यामुळे घरोघरी टीव्ही लागलेले होते. तरीही वस्तीतल्या लोकांची नजर या अनोळखी पोरांवर गेलीच. पाठीवर जड पिशव्या, अंगावर नवे कपडे, आणि होडी मात्र कोळ्याची नाही. लोकांनी हटकले, तेव्हा उडवाउडवीची उत्तरे मिळाली.

ज्या किनाऱ्यावर सरकारचा डोळा नव्हता, तिथे कोळ्यांचा होता. पण त्या डोळ्याने जे पाहिले ते तातडीने कुणाला कळवायचे, ऐकणाऱ्याने पुढे काय करायचे, अशी कोणतीही व्यवस्था घातलेली नव्हती. दहा जणांच्या पाच जोड्या झाल्या. प्रत्येकाजवळ एके-४७, पिस्तूल, हातबाँब आणि वेळ लावून ठेवलेला आरडीएक्सचा बाँब होता.

रात्री ९ नंतर : टॅक्सी

त्यातली एक जोडी, इस्माईल खान आणि अजमल कसाब, सीएसटीकडे जाणाऱ्या टॅक्सीत बसली. वाटेत त्यांनी गाडीत बाँब दडवला. चालकाला भाडे मिळाले, तो पुढच्या प्रवाशाच्या शोधात निघून गेला. आपल्या गाडीत काय ठेवले गेले आहे, हे त्याला शेवटपर्यंत कळले नाही.

रात्री ९.३० नंतर : मेन लाइनचा हॉल

१८८७ साली उभी राहिलेली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा ठरलेली ही इमारत पाहायला जगभरातून लोक येतात. पण रात्री साडेनऊनंतर तिथे असतात ते लांब पल्ल्याचे प्रवासी. उत्तर प्रदेश, बिहारचे मजूर, मराठवाडा-विदर्भाकडे निघालेली कुटुंबे, आरक्षण नसलेले, फलाटावर जेवण उरकणारे. दोघांनी पिशव्यांतून बंदुका काढल्या आणि या गर्दीवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. हातबाँबही टाकले.

बसलेल्या माणसाला उठून पळायला जो क्षणभर वेळ लागतो, तोही अनेकांना मिळाला नाही. या एका स्थानकावर पन्नासहून अधिक माणसे मेली, शंभरावर जखमी झाली. त्यात हिंदू होते, मुसलमान होते. म्हातारे होते, पोरे होती. पुण्याला निघालेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीच्या पायात गोळी घुसली. या मुलीचे नाव इथे नको, पण तिला लक्षात ठेवा.

रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे आवाजाच्या दिशेने धावले आणि मारले गेले. पोलिस अंबादास पवार आणि होमगार्ड मुकेश जाधव हेही तिथेच पडले. रेल्वे सुरक्षा दलाचे जिल्लू यादव यांनी एका सहकाऱ्याची जुनी ३०३ रायफल घेऊन गोळी झाडली. ती चालेनाशी झाली तेव्हा त्यांनी हाताशी असलेली खुर्ची उचलून हल्लेखोरांच्या दिशेने भिरकावली. एका बाजूला सेकंदाला कित्येक गोळ्या ओकणारी एके-४७ आणि दुसऱ्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची. या रात्रीचा सगळा हिशेब त्या एका दृश्यात आहे.

रात्री ९.५०च्या सुमारास : निवेदकाची खोली

उपनगरी फलाटांच्या वर, काचेमागे उद्घोषणेची खोली आहे. तिथे त्या रात्री विष्णू दत्ताराम झेंडे कामावर होते. लोकल येत होत्या. प्रत्येक लोकलमधून शेकडो माणसे उतरणार आणि सवयीने त्याच हॉलमधून बाहेर पडायला निघणार, हे त्यांना ठाऊक होते. वरून त्यांना रक्ताने माखलेली माणसे धावताना दिसली. त्यांनी माइक उघडला आणि हिंदीत, मराठीत सांगायला सुरुवात केली : हॉलच्या दिशेने येऊ नका, मागच्या बाजूने, एक नंबरच्या फलाटावरून बाहेर पडा. एकदा सांगून ते थांबले नाहीत. सांगत राहिले.

मुंबईकराला त्या माइकवरचा आवाज रोज ऐकू येतो आणि रोज तो कानाआड करतो. त्या रात्री मात्र माणसांनी ऐकले. गर्दी वळली, फलाट रिकामे होत गेले. आवाज कुठून येतो हे हल्लेखोरांच्याही ध्यानात आले आणि गोळ्या काचेकडे वळल्या. झेंडे यांनी खोली सोडली नाही. त्यांच्यामुळे किती जीव वाचले, याचा नेमका आकडा कुणालाच काढता येणार नाही. जी माणसे हॉलमध्ये गेलीच नाहीत, त्यांची गणती करायची कशी?

समोरच्या वृत्तपत्राच्या कचेरीतून छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा आणि श्रीराम वेर्णेकर स्थानकात धावत आले. डिसूझा यांनी उभ्या असलेल्या डब्याच्या आडून कसाबचे छायाचित्र घेतले. पाठीवर पिशवी आणि हातात बंदूक असलेला तो तरुण पुढे न्यायालयात या छायाचित्रावरूनही ओळखला गेला.

रात्री १०.१५ नंतर : कामा रुग्णालय

स्थानकातून पादचारी पुलाने उतरून दोघे हल्लेखोर शेजारच्या गल्लीत शिरले आणि कामा व आल्ब्लेस रुग्णालयात घुसले. हे बायकांचे आणि लेकरांचे रुग्णालय. बबन उघडे आणि भानू नारकर या दोन रखवालदारांना त्यांनी फाटकाच्या आत गोळ्या घातल्या.

प्रसूतिपूर्व कक्षात त्या रात्री परिचारिका अंजली कुलथे यांची ड्यूटी होती. कक्षात वीस गर्भवती होत्या. खिडकीतून त्यांना बंदूकधारी दिसले, एका सहकारी परिचारिकेच्या हाताला गोळी लागलेली दिसली. त्यांनी कक्षाची जड दारे लावली, दिवे मालवले आणि त्या वीस जणींना आतल्या अरुंद पँट्रीत नेऊन बसवले. एका बाईला कळा सुरू झाल्या, तेव्हा कुलथे यांनी तिला भिंतीच्या कडेकडेने चालवत वरच्या प्रसूतिगृहात पोहोचवले. बाहेर गोळीबार चालू असताना तिथे एक बाळ जन्माला आले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये कुलथे यांनी ही हकीकत संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे सांगितली. बंदूक समोर आली तर काय करायचे, हे परिचर्येच्या अभ्यासक्रमात नव्हते. पेशंट आपल्या हवाली आहे, एवढेच त्यांना पुरेसे वाटले.

रात्री १०.४५च्या सुमारास : विलेपार्ले

कफ परेडहून निघालेली ती टॅक्सी विलेपार्ल्याजवळ महामार्गावर फुटली. चालक आणि त्यातला प्रवासी जागीच गेले. त्याच सुमारास माझगावलाही दुसऱ्या एका टॅक्सीत स्फोट झाला. हल्लेखोरांना नेमके हेच हवे होते : ते दक्षिण मुंबईत दहाच असताना शहरभर असल्याचा भास व्हावा, आणि नियंत्रण कक्षातले फोन वाजत राहावेत.

रात्री ११ ते १२ : सहावा मजला

अपर पोलिस आयुक्त सदानंद दाते हाती लागेल तेवढी माणसे घेऊन कामा रुग्णालयात शिरले. वरच्या मजल्यावर त्यांची आणि हल्लेखोरांची समोरासमोर गाठ पडली. वरून हातबाँब आले. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर यांना मरण आले. दाते स्वतः जबर जखमी झाले, तरी जिन्यावर ठाण मांडून गोळ्या झाडत राहिले. त्यामुळे दोघे बराच वेळ वरच अडकून पडले आणि खालच्या मजल्यांवरच्या कक्षांत त्यांना शिरता आले नाही.

मध्यरात्र : रंगभवनची गल्ली

दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे त्या दिवसांत मालेगावच्या स्फोटाच्या तपासात बुडाले होते. हल्ल्याची बातमी येताच ते निघाले. सीएसटीवर हेल्मेट आणि जॅकेट चढवताना देशाने त्यांना टीव्हीवर पाहिले. कामा रुग्णालयाच्या मागच्या बाजूला त्यांना अपर आयुक्त अशोक कामटे आणि निरीक्षक विजय साळसकर भेटले. दाते जखमी असल्याचे कळले. पुढच्या दारापर्यंत वळसा घालून जायचे ठरले, आणि हे तिघे व चार पोलिस एका क्वालिसमध्ये बसले.

गल्लीत झाडाआड लपलेल्या दोघांनी गाडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. कामटे यांनी गोळ्या झाडल्या, कसाबच्या हाताला जखम झाली. पण काही क्षणांतच करकरे, कामटे, साळसकर आणि त्यांच्यासोबतचे बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील, योगेश पाटील हे सगळे गेले. मागच्या बाजूला सहकाऱ्यांच्या देहांखाली अरुण जाधव हे एकटे, हातांना गोळ्या लागलेल्या अवस्थेत, श्वास रोखून पडून होते. हल्लेखोरांनी पुढचे देह रस्त्यावर ओढून टाकले आणि तीच गाडी घेऊन निघाले. जाधव त्या गाडीतच होते.

रात्री १२.१५च्या सुमारास : मेट्रो ते विधान भवन

मेट्रो सिनेमाच्या चौकात पत्रकार आणि बघे जमले होते. पोलिसांची गाडी आली म्हणून लोक बेसावध उभे होते, आणि त्याच गाडीतून गोळ्या आल्या. शिपाई अरुण चित्ते तिथे मारले गेले. पुढे टायर बसल्याने दोघांनी विधान भवनाच्या परिसरात एक स्कोडा अडवून पळवली.

ते उतरताच जाधव यांनी जखमी हाताने बिनतारी यंत्र गाठले आणि काय झाले ते नियंत्रण कक्षाला कळवले. साडेनऊपासून माहितीचा नुसता कल्लोळ होता. आता पहिल्यांदा नेमकी बातमी वेळेवर योग्य माणसांपर्यंत गेली : चंदेरी स्कोडा, आत दोघे, दिशा मरीन ड्राइव्ह.

रात्री १२.४५च्या आत-बाहेर : गिरगाव चौपाटी

डी. बी. मार्ग पोलिसांनी चौपाटीवर नाकाबंदी लावली होती. स्कोडा अडथळ्यांपासून थोड्या अंतरावर थांबली. प्रखर दिवे लागले, काचेवर पाणी उडवले गेले, म्हणजे आतले काही दिसू नये. मग गाडी वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. पोलिसांच्या गोळीने इस्माईल खान मेला. दुसऱ्या बाजूचे दार उघडून कसाब बाहेर पडत होता.

सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे पुढे झाले. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातले केडंबे हे त्यांचे गाव. लष्करातून निवृत्त होऊन ते पोलिसात आलेले. हातात काठी. त्यांनी एके-४७ ची नळी दोन्ही हातांनी पकडली. चाप ओढला गेला, गोळ्या त्यांच्या पोटात शिरल्या, तरी पकड सुटली नाही. तेवढ्यात सहकारी कसाबवर तुटून पडले. सहायक निरीक्षक संजय गोविलकर जखमी झाले. कसाब जिवंत सापडला.

हे हल्लेखोर कुठून आले, किती जण आहेत, त्यांना कुणी तयार केले, हे सगळे बाहेर आले ते या पकडीमुळे. दहाही जण मेले असते तर पाकिस्तानला हात झटकणे सोपे गेले असते.

पुढचे दिवस, पुढची वर्षे

इतर जोड्यांचा निकाल लागायला आणखी अडीच दिवस लागले. मानेसरहून राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे कमांडो पहाटे पोहोचले आणि २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताज मोकळे झाले. मृतांचा आकडा १६६ झाला. सीएसटीवर लोकल मात्र दुसऱ्याच दिवशी धावू लागल्या. ३ डिसेंबरला स्थानकातल्या बेवारस सामानाच्या ढिगात हल्लेखोरांनी ठेवलेला, न फुटलेला बाँब सापडला. आठवडाभर हजारो माणसे त्याच्या शेजारून ये-जा करत होती. हल्ला संपला असे वाटत असतानाही स्थानक सुरक्षित नव्हते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख हे दोघेही लातूर जिल्ह्याचे. दोघांना पद सोडावे लागले. उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनीही राजीनामा दिला. नांदेडचे अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले. संसदेने त्याच डिसेंबरात राष्ट्रीय तपास संस्थेचा कायदा केला आणि राज्याने ‘फोर्स वन’ हे कमांडो पथक उभारले. राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने पोलिसांच्या तयारीतल्या उणिवा नोंदवल्या. दारूगोळा अपुरा असल्याने शस्त्रांचा सरावही नीट होत नव्हता, ही त्यातलीच एक.

आर्थर रोड कारागृहातल्या विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यापुढे खटला चालला. सरकारची बाजू उज्ज्वल निकम यांनी मांडली, आरोपीलाही वकील मिळाला. सीएसटीवर गोळी लागलेली ती मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली आणि तिने कसाबला ओळखले. ६ मे २०१० ला फाशीची शिक्षा झाली. पुराव्याअभावी दोन भारतीय आरोपी सुटले. प्रकरण उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यापर्यंत गेले आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी अमलात आली. एप्रिल २०२५ मध्ये याच हल्ल्याच्या कटातला आरोपी तहव्वुर राणा याला अमेरिकेतून भारतात आणले गेले, तेव्हा राष्ट्रीय तपास संस्थेचे प्रमुख होते सदानंद दाते.

आता आपण काय विचारायचे

करकरे, कामटे, साळसकर आणि ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ते योग्यच झाले. पण घटनाक्रम पुन्हा वाचला की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्यांनी त्या सव्वाचार तासांत माणसे वाचवली, त्यातल्या बहुतेकांना यंत्रणेने काहीही दिलेले नव्हते. झेंडे यांना माइक कसा वापरायचा हे माहीत होते, संकटात काय बोलायचे हे कुणी शिकवले नव्हते. कोणते दार लावायचे हे कुलथे यांनी स्वतः ठरवले. कोळ्यांनी पाहिले, पण त्यांचे पाहिलेले वाया गेले. यादव यांना खुर्ची फेकावी लागली. शौर्याचा गौरव करताना ही उणीव झाकली जाते, आणि दरवर्षी २६ नोव्हेंबरला मेणबत्त्या लावून आपणही ती झाकायला हातभार लावतो.

परभणीत दर वर्षी तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरतो, पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला रांगा लागतात, सणासुदीला परभणी जंक्शनच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. अशा जागी आपण काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. उद्घोषकाला आणीबाणीत काय सांगायचे याची लेखी सूचना आहे का? जिल्हा रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या परिचारिकेला कोणते दार कधी लावायचे याचा सराव दिला आहे का? यात्रेला उभ्या केलेल्या होमगार्डला शिट्टी आणि काठीपलीकडे काही मिळते का, निदान मदत मागवायला चालू असलेले बिनतारी यंत्र? गावकऱ्याने काही संशयास्पद पाहिले तर ते ऐकून घेणारा अधिकारी कोण, त्याचे नाव गावाला माहीत आहे का?

हे विचारायला आमदार-खासदार व्हावे लागत नाही. ग्रामसभा, रेल्वे प्रवासी संघटना, उरूस आणि यात्रांच्या आधी होणाऱ्या शांतता समितीच्या बैठका या सगळ्या जागा आपल्याच आहेत. तिथे हार-तुरे आणि सत्कार उरकल्यावर हे प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावावेत आणि पुढच्या बैठकीत उत्तर मागावे. ओंबळे यांनी आपल्या वाट्याचे काम मरेपर्यंत केले. पुढच्या वेळी त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्याला काठीवर भागवावे लागणार नाही, एवढे पाहणे हे आपल्या वाट्याचे काम आहे.